स्टिकमॅन चालत नाही, घसरतो... याचं जरा लांबलेलं उत्तर

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. पलूसजवळ राहतोस, डिप्लोमा सेकंड इयरला आहेस, घरात ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, तीन आठवड्यांपूर्वी पिव्हॉट, म्हणजे काड्यांच्या माणसाचं, स्टिकमॅनचं अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर, डाऊनलोड केलंस आणि गावची जत्रा यायच्या आत स्टिकमॅनची दोन मिनिटांची कुस्ती करून गावच्या ग्रुपवर टाकायचीय. पण तुझा पैलवान आखाड्यात चालत येतानाच शेवाळलेल्या घाटावरून घसरल्यासारखा दिसतोय. म्हणून तू विचारलंयस की सॉफ्टवेअर बदलू का, पेन टॅबलेट घेऊ का, का पुण्यातला साठ हजाराचा कोर्स लावू.

मला विचारशील तर यात प्रश्न एकच आहे, पाय का घसरतो. बाकीचे तीन त्या वैतागातून आलेत. मी १५-१६ वर्षं टूडी अ‍ॅनिमेशनचं काम करतोय, सांगलीत विश्रामबागला बसून, जाहिराती, शाळांचे व्हिडिओ, शेती औषधांच्या कंपन्यांचे व्हिडिओ असं काय येईल ते, आणि सुट्टीत चार-पाच पोरांना शिकवतो पण. आजपर्यंत शिकायला आलेल्या प्रत्येक पोराचा पाय पहिल्या महिन्यात घसरलाय. माझाही घसरायचा, २००७ ला सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन पिव्हॉटवर बसायचो तेव्हा. तेव्हा मी काय केलं तर सॉफ्टवेअर बदललं. मग नव्या सॉफ्टवेअरमध्ये पण पाय घसरला.

आधी सॉफ्टवेअरचं उरकून घेऊ. पिव्हॉटच ठेव. फुकट आहे, हलकं आहे, तुझ्या लॅपटॉपवर आरामात चालतं, विंडोजवर चालतं आणि तुझ्याकडं विंडोजच आहे. हातानं चित्र काढून करायचं असतं तर पेन्सिल टूडी म्हटलं असतं, तेही फुकट आहे. चित्रं काढायचं क्रिता पण चांगलं आहे पण ४ जीबीवर फ्रेम, म्हणजे हालचालीतली एकेक चित्रं, वाढल्या की दम लागतो त्याला. मोबाईलवर करायचं तर स्टिक नोड्स आहे, पिव्हॉटसारखंच चालतं, एसटीत बसून प्रॅक्टिस करायला झकास, पण बोटाखाली सांधा झाकला जातो म्हणून बारीक काम जमत नाही, निदान मला तरी नाही. यूट्यूबवर फ्लॅश ह्या जुन्या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरचे धडे सापडतील, त्यातली बटणं शोधत बसू नको, फ्लॅश प्लेयर २०२० संपताना बंद झाला. पण त्या धड्यांत हालचालीबद्दल जे सांगितलंय ते आजही खरं आहे, तेवढं घे. पेन टॅबलेट पिव्हॉटला लागत नाही कारण तू चित्र काढतच नाहीयेस, ठिपके ओढतोयस. त्यापेक्षा टचपॅड सोड आणि साधा वायरचा माउस घे, निम्मा वैताग तिथंच जाईल.

आता पाय.

पिव्हॉटमधली फिगर, म्हणजे तो स्टिकमॅन, नीट बघ. एक नारिंगी ठिपका आहे आणि बाकीचे लाल. लाल ठिपका ओढला की तो अवयव सांध्याभोवती फिरतो, नारिंगी ओढला की अख्खी फिगर उचलली जाते. आणि तो नारिंगी ठिपका कुठं आहे, तर कमरेत. म्हणजे हा माणूस कमरेला दोरी बांधून वरनं टांगलेला आहे, कळसूत्री बाहुलीसारखा. खरा माणूस जमिनीवर उभा असतो आणि कंबर पायाच्या जिवावर पुढं जाते, इथं उलटं आहे, कंबर पुढं जाते आणि पाय लोंबत मागनं येतात. तू कंबर दहा पिक्सेल पुढं सरकवलीस की टेकलेला पाय पण दहा पिक्सेल पुढं सरकला. मग तू अंदाजानं तो मागं घेतोस, एकदा आठ पिक्सेल, एकदा तेरा. ह्या अंदाजातल्या चुका म्हणजेच तुझं घसरणं.

मागच्या फ्रेमची राखाडी सावली दिसते तिच्यावर पाय जुळवायचा असं सगळे सांगतात, बरोबरच आहे, पण त्यात जुळवणं होतं ते फक्त मागच्या फ्रेमशी. प्रत्येक फ्रेमला एखादा पिक्सेल चुकला की सहा फ्रेममध्ये सहा पिक्सेल झाले आणि ते डोळ्याला दिसतात. म्हणून मी जमिनीवरच खुणा करायला लावतो. पेंट उघड, १२८० बाय ७२० ची पांढरी शीट घे, खाली जमिनीची आडवी रेघ मार आणि त्या रेघेवर दर ६० पिक्सेलला एक उभी फिक्कट रेघ, मध्ये दर १० ला बारकी. पेंटमध्ये खाली कर्सरची जागा पिक्सेलमध्ये दिसते त्यामुळं मोजायला सोपं जातं. ते चित्र पिव्हॉटमध्ये बॅकग्राऊंड म्हणून घाल, कॅनव्हासची साईज पण तेवढीच ठेव. झाली तुझी फूटपट्टी. एक्सपोर्ट करताना काढून टाकायची.

आता फिगर साधारण १७० पिक्सेल उंच कर. हा आकडा मुद्दाम सांगतोय, एक पिक्सेल म्हणजे एक सेंटिमीटर धरता येतं आणि पुढचे सगळे हिशोब तोंडी होतात. कमरेपासून खाली पाय ८० पिक्सेलचा येईल असं बघ. फ्रेम रेट १२ ठेव. सिनेमा २४ फ्रेमचा असतो पण हातानं करणारे लोक पूर्वीपासून बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेमना ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रंच होतात, आणि डोळ्याला ती पुरतात. साधा माणूस नेहमीच्या चालीत सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे एका पावलाला ६ फ्रेम. पाऊल ६० पिक्सेलचं. म्हणजे कमरेचा नारिंगी ठिपका प्रत्येक फ्रेमला १० पिक्सेल पुढं जाणार, आणि टेकलेला पाय सहाच्या सहा फ्रेम एकाच उभ्या रेघेवर चिकटलेला राहणार. बास, एवढंच. पाय जागचा हलायचा नाही, कंबर त्याच्यावरनं पुढं जायची.

हे करायला बसलास की दुसऱ्याच मिनिटाला अडशील. पाय खुणेपर्यंत पोचत नाही! मग पोरं काय करतात तर पाय तिथपर्यंत ताणतात नाहीतर खूण सोडून जवळ टेकवतात, आणि परत घसरलं. पाय पोचत नाही कारण कंबर फार वर आहे. शाळेतलं पायथागोरस आठव. पाय ८० चा, पावलं फाकली की खालची अर्धी बाजू ३०, तर कमरेची उंची किती? ७४ च्या आसपास. आणि पाय सरळ खाली असताना ८०. म्हणजे पावलं फाकलेल्या फ्रेमला कंबर ६ पिक्सेल खाली आलीच पाहिजे. चालताना माणूस वरखाली होतो तो ह्यामुळं, कुणी स्टाईल म्हणून करत नाही ते. पाय टेकल्यावर त्याच्यावर वजन येतं, गुडघा थोडा लवतो, म्हणून त्याच्या पुढच्या फ्रेमला कंबर अजून दोन-तीन पिक्सेल खाली घे. मग एक पाय दुसऱ्याला ओलांडून जाताना कंबर वर चढते, त्यानंतर टाच उचलली की अजून थोडी वर, आणि पुढचं पाऊल पडलं की परत खाली. हे चार टप्पे पाठ कर, टेकला, लवला, ओलांडला, उचलला.

फ्रेम करताना क्रम पण धर. आधी कंबर, मग टेकलेला पाय खुणेवर, मग हवेतला पाय, मग धड, मग हात, डोकं सगळ्यात शेवटी. पोरं हातापासून सुरू करतात, हात हलवायला मजा येते ना, आणि मग कंबर हलवली की सगळं केलेलं वाया. अजून एक, पिव्हॉटसोबत येणाऱ्या फिगरला पाऊलच नाहीये, पाय घोट्यात संपतो. पिव्हॉटमध्येच फिगर बनवायची जागा आहे, फिगर बिल्डर, तिथं जाऊन प्रत्येक पायाला एक छोटा पावलाचा तुकडा जोड, पाठीचे एकाऐवजी दोन तुकडे कर म्हणजे पैलवानाला वाकता येईल, आणि पलीकडचा हात-पाय राखाडी कर. हे राखाडीचं विसरू नको, सगळं काळं असलं की आठव्या फ्रेमला डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे तुझं तुलाच कळत नाही आणि चालता चालता पायांची अदलाबदल होते. माझी एकदा गिऱ्हाईकासमोर झाली होती, समोर बसलेल्या तीन जणांच्या आधी त्यांच्या ऑफिसमधल्या चहावाल्या पोरानं पकडली.

फिगर बिल्डरमध्ये पावलापासून सुरुवात करून नारिंगी ठिपका पायातच आणायचा अशी एक युक्ती पण आहे. मी करून बघितली आणि सोडली, कारण दोन पायांपैकी एकच चिकटतो आणि पाऊल बदललं की रडगाणं सुरू. जागेवर उभ्या माणसाला चालते ती.

नव्या व्हर्जनमध्ये मधल्या फ्रेम आपोआप भरायची सोय आलीय, ती तू वापरतोयस असं तुझ्या व्हिडिओवरनं वाटतंय. सध्या बंद कर. कॉम्प्युटरला दोन पोझ दिल्या की तो मधले कोन सारखे वाटून टाकतो, त्याला जमीन कुठंय हे माहीत नसतं, पाय टेकलेला आहे हे पण माहीत नसतं. म्हणून पाय रेघेच्या खाली पण जातो आणि सरकतो पण, आणि सगळी हालचाल तेल लावल्यासारखी एकाच वेगात होते. हात हलवणं, मान वळवणं, ध्वज फडकणं ह्याला ती सोय ठीक आहे. पाय जमिनीवर असताना नको.

चालणं जमलं की, किंवा खरं तर त्याच्या आधीच, चेंडू कर. तू म्हणशील मला कुस्ती करायचीय आणि हा चेंडू काय करायला सांगतोय. थांब जरा, कुस्तीसाठीच सांगतोय.

नुसता एक गोल घे आणि वरनं खाली पाड. बहुतेक जण सारख्या अंतरावर खाली आणतात आणि चेंडू दोरीनं सोडल्यासारखा येतो. पडणारी वस्तू दर क्षणाला जास्त अंतर कापते आणि ते अंतर १, ३, ५, ७, ९ अशा विषम आकड्यांच्या पटीत वाढतं, फिजिक्समध्ये शिकला असशील. आपल्या १२ फ्रेमच्या आणि एक पिक्सेल म्हणजे एक सेंटिमीटरच्या हिशोबात पहिल्या फ्रेमला चेंडू साडेतीन पिक्सेलच्या जवळपास पडतो, मग १०, मग १७, २४, ३१, ३७. सहा फ्रेममध्ये साधारण १२२ पिक्सेल. म्हणजे खांद्याच्या जरा खालनं सोडलेली वस्तू अर्ध्या सेकंदात जमिनीवर. ह्याच हिशोबात दीड फुटाची उडी म्हणजे वर जायला चार फ्रेम, खाली यायला चार, आणि दीड फूट ही चांगली उडी झाली. तुझ्या व्हिडिओत पैलवान उडी मारतो तो मी मोजला, बावीस फ्रेम हवेत आहे. फुगा झालाय त्याचा. त्याला वजन नाही असं तुला वाटतंय आणि तू लिहिलंयस की रेघा जाड करू का, तर रेघ कितीही जाड कर, बावीस फ्रेम हवेत राहणारा माणूस हलकाच दिसणार. स्टिकमॅनला तोंड नाही, अंग नाही, कपडे नाहीत. त्याचं वजन किती हे बघणाऱ्याला फक्त तो किती फ्रेममध्ये काय करतो ह्यावरनंच कळतं.

वजन बघायचं असलं तर तुझ्या भागात बघायला तोटा नाही. ऊसतोडीवाले डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकमध्ये चढतात ते बघ, मान हलत नाही, पाऊल आखूड पडतं आणि टेकलेल्या पायावर पूर्ण भार आल्याशिवाय दुसरा पाय उचलतच नाहीत. विचारून एक व्हिडिओ घे मोबाईलवर, समोरून नको, बाजूनं घे. कॉम्प्युटरवर व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेयरमध्ये लाव आणि कीबोर्डवरचं ई (E) दाबत जा, एक एक फ्रेम पुढं जाते. मोबाईलचा व्हिडिओ बहुतेक ३० फ्रेमचा असतो, त्यामुळं असल्या सरावापुरता पिव्हॉटचा रेट १५ कर आणि एक सोडून एक फ्रेम घे, हिशोब बरोबर बसतो. पण व्हिडिओवरनं जशाच्या तशा रेघा ओढून कॉपी केलीस की ते मेल्यासारखं दिसतं, का ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही, बहुतेक खऱ्या माणसात कपडे आणि मांस पण हलत असतं आणि रेघेत ते येत नाही म्हणून. तर टेकला कधी, लवला किती, थांबला किती एवढं व्हिडिओतनं घे आणि पोझ जरा वाढवून काढ.

आता तुझ्या आवडीचं. दोन मिनिटं म्हणजे १४४० फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन पैलवान. नवीन माणसाला एका फ्रेमला तीन मिनिटं धर, ७२ तास झाले, आणि ते पण काही परत करावं लागलं नाही तर. जत्रेला महिना आहे आणि मध्ये तुझ्या सबमिशन. होणार नाही ते, आणि निम्म्यात सोडशील. १२ ते १५ सेकंदांची कुस्ती कर. सलामी, शड्डू, एक डाव, चितपट. कुंडलच्या कुस्ती मैदानात सुद्धा लोकांना तासभर चाललेल्या कुस्तीतला शेवटचा डावच वर्षभर आठवतो.

सुरुवात शड्डूपासून कर. खरं सांगू का, मला शिकवायला ह्याच्याइतका चांगला धडा कुठल्या परदेशी कोर्समध्ये दिसला नाही. एक माणूस, जागेवर, पाय चिकटलेले, एकच हात. आणि तरी सगळं आहे त्यात. आधी सगळेजण करतात ती चूक सांगतो, हात चार फ्रेममध्ये वर आणि चार फ्रेममध्ये खाली. मांडीवरची धूळ झटकल्यासारखं दिसतं. हात वर जायला पाच-सहा फ्रेम घे, त्यातल्या शेवटच्या दोन तर जवळजवळ एकसारख्या, म्हणजे हात वर जाऊन किंचित थांबतो. त्याच वेळी गुडघे लवतात, कंबर खाली बसते, वजन एका पायावर येतं. मग खाली यायला एक फ्रेम. फार तर दोन. हात मांडीवर आदळला की ती पोझ तीन-चार फ्रेम तशीच धरून ठेव, पिव्हॉटमध्ये फ्रेम रिपीट करता येते त्यामुळं परत काढावी लागत नाही. आणि आदळल्याच्या लगेच पुढच्या फ्रेमला डोकं आणि दुसरा हात जरा उशिरा हलू दे, एखादी फ्रेम मागनं. आवाज नसताना पण आवाज ऐकू आल्यासारखा वाटला पाहिजे. पिव्हॉटमध्ये आवाज लावायची सोय मी तरी वापरत नाही, शेवटी कुठल्याही व्हिडिओ एडिटरमध्ये लावायचा, पण आवाजाशिवाय जमत नसेल तर आवाजानं पण जमणार नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे टेकलेला पाय खुणेवरनं हलू द्यायचा नाही, हवेतली वस्तू विषम आकड्यांनी पाडायची, आणि जोर दाखवायचा तर तयारी सावकाश, फटका एका फ्रेमचा, मग थांबायचं. पुढची कुस्ती ह्या तिघांचीच बेरीज आहे.

डाव कुठला घ्यायचा? तू ढाक लिहिलंयस. नको, ढाकेत दोघांची अंगं एकमेकांत इतकी गुंततात की रेघांचं जाळं होतं, कोण कुणाला पाडतोय ते करणाऱ्याला पण कळत नाही. धोबीपछाड घे, बाजूनं बघितला की स्वच्छ दिसतो, एक खाली एक वर. आधी पाच-सहा मुख्य पोझ नुसत्या उभ्या कर, मधलं काही भरायचं नाही. हात पकडला, वळून आत शिरला, गुडघे वाकवून कमरेखाली बसला, उचलला, वरचा माणूस खांद्यावरनं पार उलटा, आणि जमिनीवर. ह्या पोझ एकामागोमाग लाव आणि मित्राला दाखव. त्याला डाव ओळखू आला तरच मधल्या फ्रेम भर. नाही आला तर फ्रेम कितीही भरल्यास तरी येणार नाही, पोझ बदल.

मधलं भरताना तो चेंडू आठव. उचललेल्या पैलवानाचा हात सुटून तो हवेत आला की त्याची कंबर म्हणजे तुझा चेंडू. हात-पाय कसेही फिरू देत, नारिंगी ठिपका चेंडूच्या वाटेनंच गेला पाहिजे, वर जाताना अंतर कमी कमी होत, माथ्यावर दोन फ्रेम जवळजवळ जागेवर, आणि मग ३, १०, १७, २४, ३१ करत खाली. सोडायच्या आधी मात्र तो चेंडू नाही, कुणीतरी उचलतंय त्याला, तिथं सावकाश घे. खालच्या पैलवानाचे गुडघे थरथरले तरी चालतील. आणि पडल्यावर दोन पिक्सेल उसळू दे, मग पाठ टेकलेली, पाच फ्रेम शांत. खाली धुळीचे चार ठिपके उडव वाटलं तर.

दोन फिगर असल्या की एक कटकट येते, ह्याचा हात त्याच्या मानेच्या पुढनं आणि दुसरा मागनं जायला पाहिजे, पण पिव्हॉट अख्खी फिगर पुढं घेतो नाहीतर अख्खी मागं. त्यासाठी पकडणारा हात वेगळी फिगर म्हणून बनव आणि खांद्याला जोड, जोडायची सोय आहे त्यात. पहिल्या वेळी एवढा पण व्याप नको वाटला तर सोड, काळ्या रेघांमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. दोघांचे रंग मात्र वेगळे ठेव, एक काळा एक गर्द निळा.

फोटो काढून पण सराव होतो हे जाता जाता सांगतो. लाईट गेली की माझी पोरं टेबलावर आगकाड्यांचा माणूस मांडतात, मोबाईल स्टँडला लावून थोडं थोडं सरकवत फोटो काढतात. ही काही माझी अक्कल नाही, दादासाहेब फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी आगकाड्या सरकवून छोटी फिल्म केलेली, आणि १९१३ च्या राजा हरिश्चंद्रच्या पण आधी कुंडीतला वाटाणा उगवताना टप्प्याटप्प्यानं शूट केलेला. आपल्याकडचं पहिलं स्टिक अ‍ॅनिमेशन आगपेटीतनंच आलंय असं मी पोरांना सांगतो, इतिहासवाल्यांनी माफ करावं.

कोर्सचं. हे खरंच तुझ्यावर आहे, मी इथनं हो-नाही सांगू शकत नाही. ह्याच धंद्यात नोकरी करायची असेल, रोज चार तास देणार असशील, घरच्यांना पैसे जड जाणार नसतील, तर चांगल्या मास्तरांकडं शिकल्यानं दोन वर्षं वाचतात, कारण चूक झाल्या झाल्या कुणीतरी मागनं सांगतं. पण हौस म्हणून करणार असशील तर आत्ता नको. मी एका क्लासला फी भरली होती, नाव घेत नाही, सहा महिने कुठल्या मेनूत कुठलं बटण ह्याच्या नोट्स लिहून दिल्या आणि एकदाही कुणी माझ्या फाईलमधला पाय घसरतोय असं म्हटलं नाही. तू भरायच्या आधी जाऊन बस एक दिवस, आणि शिकवणारा पोरांची कामं थांबवून फ्रेम फ्रेम बघतो का ते बघ. बघत असेल तर फीचा विचार कर. विद्यार्थ्यांच्या शोरीलवर, म्हणजे त्यांच्या कामांच्या नमुना व्हिडिओवर, जाऊ नको, त्यातली कामं निवडून लावलेली असतात.

फाईल. रोजची नवीन नावानं सेव्ह कर, कुस्ती १, कुस्ती २ असं, आणि रात्री गूगल ड्राईव्हवर टाक. मी दोन फाईली ठेवायचो पण दोन्ही एकाच खोलीत, २०१९ च्या पुरात तळमजल्यावर पाणी शिरलं आणि कॉम्प्युटर, बॅकअपची डिस्क, दोन्ही एकाच दिवशी गेलं. दहा वर्षांच्या कामातलं मेलवर गिऱ्हाईकांना पाठवलेलं तेवढं उरलं. पिव्हॉटची फाईल मूळची सांभाळ, नुसती जिफ, म्हणजे तयार झालेलं हलतं चित्र, ठेवलीस तर नंतर दुरुस्त काही करता येत नाही.

पुढच्या रविवारपर्यंत चेंडू आणि शड्डू एवढंच कर, चालणं त्याच्या पुढच्या आठवड्यात. शड्डूची जिफ इथंच खाली टाक, मी रात्री जेवण झाल्यावर बघतो, कुठली फ्रेम काढायची ते नंबरासकट सांगेन. आणि आखाड्याची लाल माती बॅकग्राऊंडला घालायची घाई करू नको, पिव्हॉटचे ठिपके पण लालच असतात, मातीवर एक पण दिसणार नाही. ती सगळ्यात शेवटी घाल.